पश्चिमेस मोकळी जागा

दिवाळीपूर्वी घर झाडताना दरवर्षी एखादी अशी वस्तू हाती लागते की झाडण्याचे काम तिथेच थांबते. कधी जुना फोटो असतो, कधी कोणाचे तरी पत्र. यंदा माझ्या हाती लागला तो आमच्या घराचा खरेदीकरार. वीस वर्षांमागे मी त्यावर पानोपानी सह्या केल्या होत्या, पण तो वाचला मात्र नव्हता. घर घेणारा मध्यमवर्गीय माणूस करार वाचीत नाही. हप्ता किती बसतो तेवढे पाहतो. ह्या खेपेस, पत्नी माळ्यावरून फराळाचे डबे खाली देत असताना, शिडीच्या पायथ्याशी उभ्या उभ्या मी तो वाचला. शेवटी, सगळ्या खरेदीखतांत असते तशी, भूखंडाची चतुःसीमा दिलेली होती. पूर्वेस रस्ता. दक्षिणेस अमुक क्रमांकाचा भूखंड, उत्तरेस तमुक क्रमांकाचा. आणि पश्चिमेस? पश्चिमेस मोकळी जागा.

मी सहज खिडकीतून पश्चिमेकडे पाहिले.

आमचे घर घणसोलीचे. म्हणजे घणसोली गावातले नव्हे, गावाबाहेरच्या सेक्टरमधले. ह्या दोहोंतले अंतर बाहेरच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. गावाला आळ्या आहेत, देवळे आहेत, एकमेकांना खेटून वर वर चढत गेलेली घरे आहेत. सेक्टरला क्रमांक आहे. आमच्या इमारतीच्या पश्चिमेस कुंपणाची भिंत, भिंतीपलीकडे तिवरांचा दाट पट्टा, त्याच्यापुढे खाडीचा चिखल, मग पाणी, आणि पाण्यापलीकडे विक्रोळी-कांजूरच्या बाजूचे दिवे. ओहोटी लागली की त्या चिखलात माणसे दिसू लागतात. कोणी चिंबोऱ्यांच्या बिळात हात घालून बसलेला असतो, कोणी निवट्यांमागे असतो. बायका टोपल्या घेऊन खुबे वेचतात. भरतीची चाहूल लागली की ही माणसे कोणी न हाकारता मागे फिरतात आणि तिवरांत दिसेनाशी होतात. दिवसातून दोनदा भरणारी आणि दोनदा मोडणारी ही वस्ती मी वीस वर्षे पाहत आलो आहे, आणि माझ्याच सहीच्या कागदावर तिचे नाव होते ‘मोकळी जागा’.

खोटे लिहिले होते असे नाही. कायद्याने ती मोकळीच. प्रश्न एवढाच की मोकळी कोणी केली, आणि कधी.

गावातल्या ज्या गृहस्थांना मी काका म्हणतो त्यांच्याकडून मला ह्या खाडीची अक्षरओळख झाली. ते मला मास्तर म्हणतात. मी निवृत्त शिक्षक आहे हे त्यांनी पहिल्याच भेटीत विचारून घेतले होते. त्यांच्या घरची काही शेती साठीच्या दशकात औद्योगिक पट्ट्यात गेली आणि उरलेली पुढे नव्या शहरात. स्वतः त्यांनी उमेदीची सारी वर्षे कारखान्यात पाळी करून काढली. पण बोलू लागले की बोलतात ते खारीविषयी. खार म्हणजे समुद्राला बांध घालून मिळवलेली भातजमीन. बांधाला उघाडी असावयाची. ओहोटीला ती आतले गोडे पाणी बाहेर सोडी आणि भरतीला खारे पाणी आत येऊ देत नसे. उधाणाच्या रात्री बांधाला खांड गेली की गावभर हाक फिरे, आणि ज्याचे शेत त्या बांधामागे नाही तोही फावडे घेऊन धावे. कारण खांड एकाच्या शेतात थांबत नाही. बांध कोणाचा, असे मी एकदा विचारले. काका माझ्याकडे पाहत राहिले. प्रश्न त्यांना समजला नव्हता असे नाही. तो विचारण्यासारखा त्यांना वाटला नव्हता.

ही खाडी एके काळी दोन राज्यांची सरहद्द होती हे फारसे कोणाला आठवत नाही. पलीकडचे साष्टी बेट पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी १७३७ ते १७३९ च्या वसईच्या मोहिमेत घेतले. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला काबीज केला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली. तेव्हापासून १८१७-१८ मध्ये पेशवाई बुडेपर्यंत, म्हणजे चाळीसएक वर्षे, पलीकडच्या काठावर कंपनी सरकार होते आणि अलीकडच्या काठावर पेशव्यांचा अंमल. शाळेत मी हे तह मुलांकडून पाठ करून घेतले आहेत. पण त्या सरहद्दीचा चिखलातल्या माणसाला काय अर्थ होता, हे मी कोणाला विचारले नाही, आणि मलाही कोणी विचारले नाही. राज्य बदलले की सारा घेणारा बदलावयाचा, नाक्यावरचा शिपाई बदलावयाचा. चिखल कोणाचा ह्याची चौकशी करण्याची बुद्धी पोर्तुगीजाला झाली नाही, पेशव्याला झाली नाही.

ह्यावरून जुने दिवस सोन्याचे होते असा अर्थ कृपा करून काढू नये. वेठ होती, वतनदारांचा जाच होता; कुलाब्यातली खोती तर इंग्रजांनीही जपली, आणि तिचे दात पाडावयास चरीच्या शेतकऱ्यांना १९३३ पासून सहा वर्षे शेते ओसाड ठेवून संप करावा लागला. जुन्या राजाला माणसाकडून काय उकळता येईल एवढेच दिसत असे. पण जे त्याला दिसत नसे ते निदान त्याच्या मालकीचे होत नसे.

नव्या राज्यकर्त्याला सगळेच पाहावयाचे होते. १८३६ साली इंदापुराकडे गोल्डस्मिड आणि विंगेट ह्या दोघा अधिकाऱ्यांनी जमिनीच्या मोजणीची जी पद्धत बसवली, ती पुढे सबंध इलाख्यात फिरली. तेहतीस फुटांची साखळी. त्या साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा. आज आपण गुंठ्यांच्या भावाची चर्चा करतो तेव्हा ती साखळीच आपल्या तोंडून बोलत असते. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, नंबरापुढे खातेदाराचे नाव लागले, आणि गावाच्या घरांभोवती गावठाणाची रेघ पडली. ह्यात शेतकऱ्याचे भले झाले नाही असे मी म्हणणार नाही. ज्याचे नाव लागले त्याला आपला सारा किती हे कळले, आणि पाटील-कुलकर्ण्यांच्या लहरीपासून तो थोडा सुटला. सात-बाराचा उतारा देवघरात ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांना हसण्याचा मला अधिकार नाही.

पण नाव लागण्याची एक दुसरी बाजू असते. ती म्हणजे न लागण्याची. १८७९ चा मुंबईचा जमीन महसुलाचा कायदा घ्या. त्याचे सदतिसावे कलम मी अलीकडेच वाचले, आणि त्याच्या शांतपणाने मी थक्क झालो. रस्ते, गल्ल्या, पूल, समुद्राचा तळ, भरतीच्या रेघेखालची खाडी, नद्या, नाले, तळी, साचलेले पाणी, वाहते पाणी, आणि शेवटी, व्यक्तींच्या किंवा कायद्याने मालमत्ता धारण करू शकणाऱ्या समूहांच्या मालकीची नसेल ती कोठलीही जमीन: हे सर्व सरकारचे. तोफ नाही, तह नाही, लढाई नाही. एक वाक्य. साष्टी घ्यावयास इंग्रजाला सैन्य लागले. साष्टीसमोरचा चिखल घ्यावयास एक ‘नसेल ती’ पुरले.

ऑस्ट्रेलियात इंग्रजांनी ह्याहून उघडपणे काम केले. तिथे हजारो वर्षे माणसे राहत असताना, ही भूमी कोणाचीच नव्हती असे कायद्याने गृहीत धरले. त्याला लॅटिन नाव दिले, टेरा नलियस. टॉरस सामुद्रधुनीतल्या मेर बेटावरच्या एडी माबो नावाच्या माणसाने कोर्टात सांगितले की आमच्या बागांना हद्दी आहेत, त्या बापाकडून मुलाकडे आल्या आहेत, आणि कोणाची हद्द कुठे हे बेटावर सर्वांना ठाऊक आहे. १९९२ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायासनाने त्या लोकांचे म्हणणे मान्य केले. माबो त्याच वर्षीच्या जानेवारीत वारला होता. आपल्याकडे इंग्रज असे कधी म्हणाला नाही की इथे माणसेच नाहीत. तो म्हणाला, माणसे आहेत, पण कागद कुठे आहे? दोन्ही वाक्यांचा शेवट एकच झाला. फरक इतकाच, की पहिले वाक्य ऐकून मनुष्य चिडतो आणि दुसरे ऐकून तो खजील होतो, खिसे चाचपू लागतो.

मला जो नीतीचा प्रश्न पडतो तो हा. एखादी वस्तू कोणाच्या नावावर नाही, एवढ्यावरून ती कोणाची नाही असे ठरते काय? आणि ती आपली आहे हे सिद्ध करण्याचे ओझे कोणी वाहावयाचे: जो आधीपासून तिच्यावर जगतो त्याने, की जो नंतर येऊन विचारतो त्याने? घरात पाहुणा आला आणि त्याने यजमानाकडे घराचे कागद मागितले, तर आपण त्याला वेड्यात काढू. पण पाहुण्याबरोबर शिपाई असला की यजमानच कपाट उघडू लागतो.

ठाण्याच्या डोंगराकडच्या बाजूला हेच झाले, फक्त पाण्याऐवजी तिथे झाड होते. १८७८ चा जंगल कायदा आला आणि राखीव जंगलाच्या सीमा पडल्या. कोकणातल्या भातशेतीत राब भाजावा लागतो. पावसाआधी रोपाच्या जागी डहाळ्या, पाला, गवत, शेण पसरून ते जाळतात, त्याशिवाय रोप जोमाने येत नाही, असा इथल्या शेतकऱ्याचा पिढ्यांचा अनुभव. डहाळ्या जंगलातून यावयाच्या. आता त्या डहाळीला रखवालदार आला. जंगलखात्याच्या दृष्टीने ती झाडाची नासाडी होती, शेतकऱ्याच्या दृष्टीने ते पुढल्या वर्षीचे जेवण होते. ठाणे-कुलाब्यातली गाऱ्हाणी इतकी वाढली की मुंबई सरकारला चौकशीसाठी एक समितीच नेमावी लागली. १८८७ साली तिचा अहवाल आला. अहवाल आला, सीमा राहिल्या. मिठाचे तसेच. १८९० च्या मुंबईच्या मीठ कायद्याने परवान्यावाचून मीठ काढणे गुन्हा ठरले. ज्या लोकांचे नावच आगरावरून, म्हणजे मिठागरावरून पडले असे म्हणतात, त्या आगरी लोकांच्या दारात सूर्य जे पाण्यातून फुकट काढून ठेवी ते उचलावयासही परवानगी लागू लागली. घणसोलीला पंचक्रोशीत स्वातंत्र्यसैनिकांचे गाव म्हणतात. मला त्याचे पूर्वी आश्चर्य वाटे, की ह्या एवढ्याशा गावाला देशभक्तीचे एवढे वेड कसे लागले. आता वाटत नाही. दांडीची बातमी इथे पोचली तेव्हा ती समजावून सांगण्यासाठी कोणाला व्याख्यान द्यावे लागले नसेल.

१९३० च्या २५ सप्टेंबरला उरण तालुक्यातल्या चिरनेरला अक्कादेवीच्या डोंगरावर गावोगावचे लोक जंगल सत्याग्रहासाठी जमले. गोळीबार झाला. लोकांतले आठ जण गेले, आणि त्या गोळीबारात मामलेदारही मारले गेले. त्या आठांची नावे तिथल्या स्मारकामुळे सर्वांना माहीत आहेत: कोणी पाटील, कोणी म्हात्रे, कोणी घरत, कोणी कोळी. त्यांत एक नाव आहे नाग्या महादू कातकरी. ह्या नावापाशी मी नेहमी अडखळतो. पाटील हे अधिकाराचे नाव. कातकरी हे आडनाव नव्हे. ते जमातीचे नाव आहे. कागदावर आडनावाचा रकाना होता आणि तो रिकामा ठेवता येत नव्हता, म्हणून लिहिणाऱ्याने तिथे जमात लिहिली असावी. खैराच्या लाकडापासून कात काढणारा तो कातकरी. जंगल बंद झाले आणि कात काढण्याचा धंदा गेला. नाव मात्र मागे राहिले, आणि तेच आता त्याचे सर्वस्व झाले. वाण्याचे दुकान गेले तरी तो काही दुसरे करून माणूस म्हणून ओळखला जातो. कातकऱ्याचा कात गेला तेव्हा तो फक्त कातकरी उरला.

इंग्रजाने जमीन मोजली तसा माणूसही मोजला. १८७१-७२ पासून खानेसुमाऱ्या सुरू झाल्या, आणि १८८२ साली ठाणे जिल्ह्याचे जे गॅझेटियर निघाले त्यात एकेका जातीची वस्ती, वेश, खाणेपिणे, स्वभाव ह्यांची वर्णने आहेत. कामाचा ग्रंथ आहे. मी तो आवडीने वाचतो, हे कबूल केले पाहिजे. पण तो वाचताना सारखे वाटते की आपण एखाद्या घराच्या खिडकीतून आत पाहत आहो आणि आतली माणसे आपणाकडे पाहत नाहीत.

पुढे ह्या मोजलेल्या माणसांचे काय करावे ह्यावर मोठा वाद झाला. व्हेरियर एल्विन हा इंग्रज गोंड-बैगांत जाऊन राहिला आणि ह्या लोकांना बाहेरच्यांपासून राखावे, त्यांच्या मुलखाला संरक्षण द्यावे, असे त्याने १९३९ च्या सुमारास मांडले. आपले गोविंद सदाशिव घुर्ये ह्यांनी १९४३ साली त्याला उत्तर दिले. इथे मूळचा कोण हे इतिहासाला ठरवता यावयाचे नाही, हे लोक म्हणजे मागासलेले हिंदूच होत, असे त्यांचे म्हणणे. ‘आदिवासी’ ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दापुढे त्यांनी ‘तथाकथित’ असे विशेषण ग्रंथाच्या नावातच घातले. मला घुर्ये ह्यांचा युक्तिवाद इतिहास म्हणून पटतो. आधी कोण आले ह्याचा तपास करीत मागे मागे गेले तर शेवटी तिवरे आणि चिंबोऱ्याच उरतात. पण म्हणून काय झाले? मी माझ्या घरात राहतो तो काही सृष्टीच्या आरंभापासून नव्हे. माझा हक्क पहिलेपणावर उभा नाही. मग कातकऱ्याचाच तेवढा पहिलेपणावर का उभा करावा, आणि ते सिद्ध होत नाही म्हणून का खाली पाडावा? हक्क वावरण्यातून येतो, राखण्यातून येतो, एखाद्या जागेवाचून आपले चालत नाही आणि त्या जागेचेही आपल्यावाचून चालत नाही, ह्यातून येतो. एल्विनने त्यांच्याभोवती प्रेमाने रेघ मारली, घुर्ये ह्यांनी विद्वत्तेने पुसली. ज्यांच्याविषयी हे चालले होते ते दोघांच्याही सभेत बोलावयास नव्हते.

मग स्वातंत्र्य आले. मिठावरचा कर १९४७ साली गेला. सदतिसावे कलम मात्र गेले नाही. महाराष्ट्राचा १९६६ चा जमीन महसूल कायदा उघडून पाहावा. तिथे ते विसावे कलम होऊन बसले आहे. सरकार आपले झाले एवढ्याने ‘नसेल ती’ आपली झाली, असे आपण समाधान मानले. १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या पंचाण्णव गावांच्या जमिनीवर नवे शहर वसवावयाचे ठरले, आणि त्या जमिनी घ्यावयास वापरला तो १८९४ चा, म्हणजे इंग्रजांचाच, भूसंपादन कायदा. १९८४ च्या जानेवारीत जासई-पागोट्याच्या परिसरात दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले, पुन्हा गोळीबार झाला, पाच माणसे गेली. त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यावयाचे तत्त्व मान्य झाले. आमची इमारत अशाच साडेबारा टक्क्यांतल्या भूखंडावर उभी आहे. म्हणजे ज्या दाराला मी पाडव्याला तोरण बांधतो त्या दाराच्या हिशेबात ती माणसे आहेत.

काकांच्या घरी हा विषय निघाला की ते एकच वाक्य बोलतात. “शेताचं पैसं आलं, कमी आलं, पन आलं. खाडीचं कोन देनार? ती कुनाचे नावावर व्हती?” शेत गेले तेव्हा नोटीस आली, पंचनामा झाला, कोर्टकचेरी झाली, आणि ज्याचे गेले त्याला प्रकल्पग्रस्त असे नवे नाव मिळाले. खाडी गेली तेव्हा काहीच आले नाही. कारखान्यांचे पाणी खाडीत आले, मासळी आटली, बांधांवर भराव पडले. पण त्या नुकसानीचा खातेदारच नव्हता. आता त्या खाडीच्या पलीकडच्या काठावर २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे, आणि २०२२ मध्ये रामसरच्या जागतिक यादीत ठाणे खाडीचे नाव लागले. पक्ष्यांचे नाव लागले ह्याचा मला आनंद आहे. ते दरसाल येतात, कागद मागत नाहीत, आणि त्यांच्याकडेही कोणी मागत नाही.

दिवाळीचा अंक आहे, तेव्हा बळीची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. पाडव्याला आपण बळीची पूजा करतो, त्याचे राज्य पुन्हा यावे अशी मागणी आपल्या आयाबहिणी ओवाळताना करतात. लहानपणी मला ह्या कथेत वामनाचे ते प्रचंड तिसरे पाऊल तेवढे दिसे. आता मला पहिले पाऊल दिसते. तीन पावले जमीन द्यावयास बळी तयार झाला, आणि मोजणारा पाय कोणाचा हे त्याने विचारले नाही. मोजणी मान्य केली तिथेच त्याचे राज्य गेले होते. बटूला दानात दिलेली जमीन कितीही लहान असो, माप जर त्याचे असेल, तर शेवटी डोके ठेवावयासही आपली जागा उरत नाही.

इथपर्यंत लिहून मी थांबलो असतो तर मला सोयीचे झाले असते. इंग्रज वाईट, सरकार वाईट, आणि मी वाचक-लेखक ह्या दोहोंच्या बाहेर खिडकीपाशी उभा. पण आमच्या इमारतीच्या फाटकावर एक पाटी आहे, आणि तिच्याविषयी सांगितल्यावाचून ह्या लेखाला अर्थ नाही.

रबाळ्याच्या बाजूला, पारसिकच्या डोंगराखाली, कातकऱ्यांचा पाडा आहे. एका अंगाला कारखाने, दुसऱ्या अंगाला जंगलखात्याची हद्द. तिथून एक बाई चिंबोऱ्यांसाठी खाडीवर येते. आम्ही इथे राहावयास येण्याच्या आधीपासून येत असावी, कारण आमच्या आवारातून भिंतीच्या पडक्या भागाकडे जाणारी जी पायवाट होती ती तिच्यासारख्यांच्या पावलांनीच पडलेली होती. आम्ही तिला मावशी म्हणू. माझ्या पत्नीने तिच्याकडून कितीदा तरी चिंबोऱ्या घेतल्या आहेत. काही वर्षांमागे इमारतीतून एक सायकल चोरीस गेली. वाहनतळात चिखलाची पावले उमटतात, वास येतो, अशा तक्रारी आधीच होत्या. सोसायटीची सभा झाली, भिंत सारखी करून घ्यावयाची ठरली, आणि फाटकावर पाटी लागली: बाहेरील व्यक्तींना आवारातून ये-जा करण्यास सक्त मनाई आहे. खाली ‘चिटणीस’. चिटणीस मी. सायकल मावशीने नेली असे कोणी म्हणाले नाही, कोणाला वाटलेही नाही. पायवाट नकाशात नव्हती, एवढेच. मीच ते सभेत सांगितले. नकाशा माझ्याच फायलीत होता.

पाटी लागल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे रखवालदाराने तिला अडवले तेव्हा मी दूध घ्यावयास खाली उतरलो होतो. ती भांडली नाही. तिने एकदा नव्या भिंतीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, “दादा, वाट तं हितूनच हाय.”

मी काकांपाशी मन मोकळे करावयास गेलो. वाटले होते, ज्यांची खाडी अशीच गेली ते तरी मला रागे भरतील. काका म्हणाले, “ती कंची आमचे गावची? पाड्यावरची हाय ती.” त्यांचा आवाज कठोर नव्हता. गावठाणाची रेघ, प्रकल्पग्रस्तांची यादी, भूमिपुत्र हा शब्द, ह्या साऱ्यांसाठी ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांनाही त्या याद्यांत कातकऱ्याचा रकाना नाही हे खटकत नव्हते. मला त्यांचा राग आला, आणि लगेच माझा मलाच आला. पाटीवर सही त्यांची नव्हती.

कायदा काय म्हणतो तेही मी पाहिले. मास्तरकीची खोड. वहिवाटीच्या हक्कांचा कायदा १८८२ चा आहे, तो आजही चालतो, आणि वीस वर्षे निर्वेध वापरलेल्या वाटेचा हक्क त्यात मान्य आहे. माझा जीव भांड्यात पडला. पुढे वाचले तेव्हा ध्यानात आले की असा हक्क ढोबळमानाने माणसाला मिळत नाही, जमिनीला मिळतो. आपल्या जमिनीवर जाण्यासाठी दुसऱ्याच्या जमिनीतून वाट मागता येते. वाट मागावयास आधी स्वतःचे शेत हवे. मावशीच्या नावावर खाडी नाही.

यंदाच्या वार्षिक सभेत, करार वाचून झाल्यावर पंधरा दिवसांनी, मी ठराव मांडला की पश्चिमेच्या भिंतीत एक लहान दार ठेवावे आणि ओहोटीच्या वेळी ते उघडावे. सभा वाईट माणसांची नव्हती. एका तरुण सभासदाने विचारले, उद्या त्या वाटेने कोणी आत येऊन काही केले तर जबाबदार कोण? प्रश्न रास्त होता. दुसऱ्याने विचारले, हिला हक्क आहे असे म्हणता, तर काही कागद आहे का? ह्या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही. देता आले नाही. ठरावाच्या बाजूने चार हात वर आले, त्यांत एक माझा आणि एक माझ्या पत्नीचा. ठराव तहकूब ठेवल्याची नोंद मी माझ्याच अक्षरात इतिवृत्तात केली.

मावशी आता नाल्याच्या कडेने वळसा घालून जाते. परवा वसुबारसेच्या सकाळी मी तो वळसा चालून पाहिला. आमच्या आवारातून तिवरांपर्यंत दोन मिनिटे लागत. नाल्याकडून मला पंचवीस लागली. एका जागी भरावाची माती घसरली होती, तिथे धरावयास काही नव्हते, म्हणून हळू जावे लागले. तिवरांच्या कडेला पोचलो तेव्हा चिखलातली माणसे परत फिरू लागली होती. पाणी पायांशी आले होते.